टरेट मिलिंगला घरच्या घरी कूलंट : पंप, टाकी, परतीची वाट आणि मिश्रण

खटपट्या

टरेट मिलिंग मशीनला (एम1टीआर धाटणी, टेबल 9 × 42 इंच, एक्सचा म्हणजे डावी-उजवीकडचा प्रवास साधारण 600 मिमी) कूलंट, म्हणजे कापताना कटरवर सोडायचं तेल-पाण्याचं मिश्रण, बसवायचं आहे. मूळचा पंप मशीनबरोबर आलाच नाही. बेसमध्ये टाकीची पोकळी आहे, पण गाळ काढायला तिच्यात हात जात नाही, म्हणून ती वापरायची नाही. काम बहुतेक एमएस (माइल्ड स्टील), ईएन8 (मध्यम कार्बन स्टील) आणि 6082 ॲल्युमिनियम, अधूनमधून कास्ट आयर्न. एचएसएस (हाय-स्पीड स्टील) कटर 16 मिमीपर्यंत, कार्बाइड 10 मिमीपर्यंत. शेडमध्ये सिंगल फेज, स्पिंडलची (कटर फिरवणाऱ्या दांड्याची) 2 एचपी मोटर व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह).

डोक्यात असं आहे: वीस लिटरचा कॅन, त्यात कूलरचा 18 वॉटचा पंप, 8 मिमीची नळी, चुंबकी स्टँडवर नोझल. टेबलाच्या एका टोकाला अर्धा इंची आट्यांचं भोक आहे, तिथून नळीने परत कॅनमध्ये. यात काय काय अडेल? पत्राकाम, वेल्डिंग, आटे पाडणं शेडमध्येच होतं, त्यामुळे तयार सिस्टीम सुचवू नका.

भोसरीकर

पंप आधी घेऊ, तो आकड्यांत लगेच सुटतो.

16 मिमीच्या एचएसएसला मिनिटाला 6 ते 8 लिटर पुरेत. 8 धरू. नोझलचं तोंड 6 मिमी असेल तर 8 लिटर जाताना वेग सेकंदाला 4.7 मीटर होतो आणि तेवढ्या वेगासाठीच 1.1 मीटर हेड (पाण्याच्या उंचीत मोजलेला दाब) जातं. टाकी जमिनीवर, नोझल जमिनीपासून 1.4 मीटर. टाकीतली पातळी वजा करा, उंची राहिली 1.2 मीटर. आता नळी. अडीच मीटर लांबीत 8 लिटरला घर्षण साधारण असं: आतला व्यास 12 मिमी असेल तर 0.4 मीटर, 10 असेल तर 1 मीटर, 8 असेल तर 3 मीटर. कॉक आणि बाक मिळून आणखी 0.3. म्हणजे 12 च्या नळीवर एकूण 3 मीटर आणि तुमच्या 8 च्या नळीवर साडेपाच. नळीत चार मिलिमीटर वाचवले की पंप जवळजवळ दुप्पट ताकदीचा लागतो.

कूलरच्या पंपावर 1.8 मीटर वगैरे लिहिलेलं असतं ती प्रवाह शून्य होतो तेव्हाची उंची. त्या उंचीवर पाणी नळीच्या तोंडाशी येऊन थांबतं, बाहेर पडत नाही. शिवाय त्याचा रोटर कायम चुंबकाचा असतो. एमएस आणि कास्ट आयर्नची बारीक भुकटी थेट रोटरला चिकटते, फट भरते आणि पंप अडकतो. कितीही बारीक जाळी लावली तरी जाळीतून जाणारी भुकटी त्याला पुरेशी असते.

घ्यायचा तो मशीन टूलचा उभा इमर्शन पंप, 0.1 एचपी. मोटर टाकीच्या झाकणावर, शाफ्ट खाली लांब, तळाला इंपेलर. यात द्रवाखाली सील नसतंच, त्यामुळे चिपने सील खाल्ल्याची तक्रार येत नाही, आणि थोडी भुकटी तो सहज पचवतो. घेताना पाटीवरचा कमाल लिटरचा आकडा बघू नका. 3 मीटर हेडला 8 लिटरपेक्षा जास्त देतो का, एवढंच विचारा. नवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळतो. जुन्या लेथचा उतरवलेला मिळाला तरी चालेल, मात्र शाफ्ट हलवून बेअरिंगची ढिलाई बघा आणि 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) वाइंडिंग तपासा. 1 मेगओमच्या खाली असेल तर घेऊ नका.

उद्यमनगरी

पंपाचं भोसरीकरांनी चोख सांगितलं. पण घरी बनवलेल्या कूलंट सिस्टीम पंपामुळे फारशा बंद पडत नाहीत, परतीच्या वाटेत बंद पडतात. वर जाणाऱ्या कूलंटला मागून पंपाचा रेटा असतो, परत येणाऱ्याला फक्त उतार. म्हणून आधी परतीची वाट आखायची आणि ती जेवढं उतरवेल तेवढंच वर पाठवायचं.

तुमचंच भोक घ्या. अर्धा इंची आट्यांच्या निपलची आतली वाट धरा 15 मिमी. टेबलाच्या कडेच्या खोबणीत 10 मिमी कूलंट साचलं, तर या भोकातून मिनिटाला जेमतेम 3 लिटर उतरतात. तुम्ही वर 8 लिटर पाठवणार. उरलेले 5 लिटर दर मिनिटाला खोबणीवरून खाली, लीड स्क्रूवर आणि जमिनीवर. आणि हा हिशेब भोकावर एकही चिप नसतानाचा आहे.

दोन्ही टोकांना भोकं हवीत, तीही आतून 20 मिमीची. तेवढ्याच पातळीवर 20 च्या भोकातून 5 लिटर जातात, दोन्ही मिळून 10. भोक वाढवण्याआधी तिथल्या कास्टिंगची जाडी खालून मोजा. पाऊण इंची आट्यांना भोवताली किमान 6 मिमी धातू उरला पाहिजे. उरत नसेल तर भोक तसंच ठेवा आणि टेबलाच्या टोकाला 1.6 मिमी पत्र्याची कुंडी बोल्टने लावा, खोबणीचं टोक तिच्यात मोकळं सोडा. एका टोकावर भागवू नका. टेबल एका बाजूला पूर्ण नेलं की बाहेर लोंबणारं टोक, विशेषतः घसरमार्ग (टेबल ज्यांवर सरकतं ते पृष्ठभाग) झिजलेल्या मशीनवर, किंचित खाली जातं आणि सगळं कूलंट तिकडेच धावतं.

आता होज निपल. 25 मिमी नळी घेतली म्हणजे 25 ची वाट मिळाली असं होत नाही. तिच्यात शिरणाऱ्या निपलची आतली वाट बहुधा 19-20 असते, आणि चिप अडकते ती नेमकी तिथेच. जमल्यास निपल स्वतः टर्न करा, भिंत 1.5 मिमी ठेवा आणि तोंडाची आतली धार कानसीने गोल करा.

भोकावर सपाट जाळी ठेवू नका. एकच चपटी चिप बसली की ती बंद. 3 मिमी भोकांच्या पत्र्याची 40 मिमी उंच उभी नळी करून भोकात बसवा. खालून चिपचा ढीग चढत गेला तरी वरची भोकं उघडी राहतात.

खटपट्या

हिशेब पटला. दोन्ही टोकांना भोकं करतो. पण टेबल 600 मिमी सरकणार, ‘नी’ (टेबलाला खालून धरून वरखाली होणारा भाग) वरखाली होणार, मग नळीला झोळ पडणारच. तो कसा टाळायचा?

उद्यमनगरी

नळीला एक्स प्रवास करायलाच लावू नका. टेबलाच्या प्रत्येक टोकाखाली सरळ उभी 100-150 मिमीची नळी द्या, तिचं तोंड मोकळं ठेवा. ती टेबलाबरोबर सरकेल. तिच्याखाली सॅडलला (टेबल ज्यावर सरकतं त्या खालच्या भागाला) धरलेली पन्हळ ठेवा. 75 मिमीचा पीव्हीसी पाइप उभा चिरला की दोन पन्हळी होतात. प्रवास 600, म्हणून प्रत्येक बाजूची पन्हळ 700 मिमी. ढाळ 700 ला 25 मिमी, सॅडलच्या दिशेने. 25 × 3 पट्टीचे ब्रॅकेट करून सॅडलच्या मागच्या, म्हणजे कॉलमच्या बाजूला बसवा. पुढे लावली तर लॉकचे दांडे आणि हात दोन्ही अडतात.

दोन्ही पन्हळी मधल्या कुंडीत येतील, आणि कुंडीतून 32 मिमीची एकच नळी टाकीत. तिला फक्त वाय आणि झेडची (पुढे-मागे आणि वर-खाली) हालचाल राहिली. तिची लांबी नी सर्वात वर असताना मोजा. नी खाली आली की झोळ पडेल, म्हणून नळीचा मधला भाग स्प्रिंगने वर टांगा. झोळात कूलंट थांबतं, कूलंट थांबलं की गाळ बसतो, आणि दोन दिवसांत तिथे चिखलाचं बूच तयार होतं.

नळीचं शेवटचं तोंड टाकीतल्या पातळीच्या वर ठेवा, बुडवू नका. बुडवलं की नळीत हवा कोंडते, कूलंट गुळगुळ करत थांबून थांबून उतरतं.

शेतपंप

पन्हळीपेक्षा सरळ सक्शन होज बरी नाही का? ती दबत नाही, वाकवली तरी तोंड बंद होत नाही.

उद्यमनगरी

दबत नाही हे खरं. पण आतून वळ्या असलेली घेतलीत तर प्रत्येक वळीत भुकटी बसते. आतून गुळगुळीत आणि बाहेरून वळ्या असलेली मिळते, तीच घ्या. कुंडी ते टाकी या टप्प्याला ती उत्तम.

पत्राकाम

टाकीबद्दल. वीस लिटरचा कॅन दोन कारणांनी नको. मिनिटाला 8 लिटर फिरणार असतील तर 20 लिटरचं कूलंट अडीच मिनिटांत पुन्हा पंपाशी येतं, तेवढ्यात ना भुकटी खाली बसते ना फेस मरतो. किमान पाच मिनिटांचा साठा हवा, म्हणजे 40 लिटर. दुसरं कारण, कॅनचं तोंड लहान. जी टाकी साफ करायला अवघड असते ती साफ केली जात नाही.

माप: 600 × 400 × 250 मिमी, 2 मिमी सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा. 180 मिमीपर्यंत भरली की 43 लिटर. लांबीत तीन कप्पे.

पहिला 250 मिमीचा, परतीची नळी इथे पडते. इथे वरून चाळणीची टोपली, 1 मिमी जाळीची, उचलून झटकता येईल अशी. पहिला आडवा पत्रा तळापासून 150 मिमी उंच. कूलंट त्याच्यावरून पुढे जातं, भुकटी मागे राहते.

दुसरा कप्पा 150 मिमीचा. पुढचा पत्रा वरून पूर्ण बंद, तळाशी 40 मिमी फट. कूलंट खालून जातं, घसरमार्गांवरून धुऊन आलेल्या तेलाचा तवंग वर अडतो. तवंग काढायची जागा हीच.

तिसरा 200 मिमीचा, त्यात पंप, तोंड तळापासून 40 मिमी वर.

आता पातळी. चालू असताना टेबल, पन्हळ आणि नळ्या मिळून 4 लिटर तरी बाहेर असतं. टाकीचं क्षेत्रफळ 24 चौरस डेसिमीटर, म्हणजे पातळी 17 मिमी उतरून 163 वर येते. पहिला पत्रा 150 चा. आणखी 3 लिटर उडून गेले की पातळी पत्र्याच्या काठाला टेकते, आणि त्यानंतर पहिला कप्पा भरलेलाच राहतो, सगळी घट मागच्या दोन कप्प्यांत दिसते. तिथे प्रत्येक लिटरला 7 मिमी. काठावरून धबधबा पडायला लागतो, हवा मिसळते, फेस येतो. तेव्हा पंप फेस ओढतो आणि धार तुटक होते. लोक पंपाला दोष देतात, टाकीत तीन-चार लिटर कमी असतात इतकंच. आतल्या बाजूला 180 आणि 170 वर छिन्नीने खुणा मारून ठेवा. बंद असताना पातळी 180 ते 170 मध्येच ठेवायची.

तळाच्या एका कोपऱ्यात 1 इंची ड्रेन प्लग, टाकीला त्या कोपऱ्याकडे 10 मिमी उतार, खाली चार चाकं. टाकी मशीनखालून ओढून काढता आली पाहिजे. झाकण हवाबंद करू नका.

पंपाच्या सक्शनला बारीक जाळी लावू नका. ती भरली की पंप उपाशी पडतो. गाळायचं ते परतीच्या बाजूला. एमएससाठी स्पीकरचे जुने चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पहिल्या पत्र्याच्या काठाशी टांगा. साफ करताना पिशवी उलटी करून चुंबक बाहेर काढला की चिकटलेली भुकटी आपोआप सुटते.

खटपट्या

सीआरऐवजी जीआय (जस्त चढवलेला) पत्रा पडून आहे, तो चालेल? गंजणार नाही म्हणून विचारतो.

इमल्शन

जीआय नको. कूलंट अल्कधर्मी असतं, पीएच 9 च्या आसपास. त्यात जस्त विरघळतं आणि तेलातल्या इमल्सिफायरशी (तेल पाण्यात मिसळून ठेवणारा घटक) मिळून जस्ताचा साबण होतो. इमल्शन फुटतं, भिंतींवर पांढुरकं लोण्यासारखं जमतं. याच कारणाने झिंक प्रायमरही नको. घरातला ऑइल पेंटही त्या अल्कलीत सुटतो, त्याचे पापुद्रे पंपात जातात. सीआरला आतून दोन घटकांचा इपॉक्सी, नाहीतर सरळ 304 स्टेनलेस. आडवे पत्रे बसवता येत असतील तर एचडीपीईचा क्रेटही चांगला.

नळ्यांचंही बघा. सिलिकॉनची आणि ईपीडीएमची नळी तेलाने फुगते, क्लिपमधून सुटते. विणीची पीव्हीसी चालते, काही वर्षांनी कडक होते तेव्हा बदलायची. ओ-रिंग नायट्राइलच्या.

खटपट्या

0.1 एचपीचा पंप चांगल्या अवस्थेत मिळतोय, पण थ्री फेज. स्पिंडलच्या व्हीएफडीच्या आउटपुटलाच समांतर जोडला तर? स्पिंडल चालू तेव्हा कूलंट चालू, वेगळा स्विच नको. नाहीतर वॉशिंग मशीनचा ड्रेन पंप किंवा आरओचा डायाफ्राम पंप आहेच.

फेज_न्यूट्रल

समांतर जोडू नका. तीन कारणं.

स्पिंडल 25 हर्ट्झवर आणलात की पंपाचे फेरे निम्मे होतात, आणि सेंट्रिफ्युगल पंपाचं हेड फेऱ्यांच्या वर्गाने घटतं. 4 मीटरचा पंप 1 मीटरचा होतो. तुमची उंचीच 1.2 आहे. म्हणजे मोठा कटर सावकाश फिरवताना, कूलंट सर्वात जास्त हवं तेव्हा, नोझल कोरडं. स्पिंडल उलटा फिरवलात की पंपही उलटा.

दुसरं, व्हीएफडीचं ओव्हरलोड 2 एचपीसाठी लावलेलं असतं. 75 वॉटची मोटर जॅम होऊन जळाली तरी त्याला कळणार नाही.

तिसरं, पंप वेगळा बंद करायला व्हीएफडीच्या आउटपुटवर कॉन्टॅक्टर टाकाल. चालत्या आउटपुटवर जोड-तोड केली की ड्राइव्ह ट्रिप होतो, कधी आतले आयजीबीटी (पॉवर ट्रान्झिस्टर) जातात.

दोन रस्ते आहेत. सिंगल फेजचा कपॅसिटरवाला 0.1 एचपी पंप घ्या, हा सर्वात सोपा. किंवा तो थ्री फेज पंप 0.4 किलोवॉटच्या वेगळ्या लहान व्हीएफडीवर. पण पाटीवर 230/415 लिहिलेलं असेल आणि डब्यात सहा टोकं असतील तरच, कारण सिंगल फेजच्या व्हीएफडीतून 230 व्होल्टच निघतात, मोटर डेल्टात जोडावी लागते. आणि ड्राइव्हच्या पॅरामीटरमध्ये मोटरचा करंट पाटीवरून भरायला विसरू नका.

पंपाला स्वतंत्र सर्किट, त्यावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की सर्किट तोडणारा स्विच). स्पिंडलचा व्हीएफडी त्या आरसीसीबीवर घेऊ नका, त्याच्या फिल्टरची गळती विनाकारण ट्रिप करवते. अर्थिंग पंपाच्या बॉडीला आणि टाकीला, दोन्हींना. केबल पंपाच्या डब्यात खालून वर चढत शिरली पाहिजे, म्हणजे वरून ओघळलेलं थेंबाथेंबाने डब्याबाहेर पडतं.

थ्री फेजवर धार कमी वाटली तर आधी फिरण्याची दिशा बघा. उलटा फिरणारा सेंट्रिफ्युगल पंप थांबत नाही, कमी देतो, त्यामुळे चूक लवकर लक्षात येत नाही. वरच्या पंख्याच्या झाकणावर बाण असतो. उलट असेल तर कोणत्याही दोन फेज बदला.

भोसरीकर

बाकीच्या दोन पंपांबद्दल. वॉशिंग मशीनचा ड्रेन पंप घाण पचवतो, पण तो एका वेळी काही मिनिटं चालण्यासाठीच असतो. अर्धा तास सलग चालवला तर वाइंडिंग तापून थर्मल कटआउट उडतो किंवा प्लॅस्टिकचं घर वितळतं. आणि रोटर इथेही चुंबकाचाच. डायाफ्राम पंपाच्या झडपांत एक कण अडकला की दाब जातो, शिवाय तो मिनिटाला लिटर-दोन लिटरचाच. थेंब-थेंब पद्धतीला तो चालेल, फ्लडला (सलग मोठ्या धारेला) नाही.

आणि कॉक नोझलशीच ठेवा, टाकीशी नको. सेंट्रिफ्युगलला कॉकने आवळलं तर चालतं. तरीही एक टी (तीन तोंडांचा जोड) टाकून 10 मिमीची परत-नळी टाकीच्या पहिल्या कप्प्यात सोडा, तिलाही कॉक. नोझल बंद असतानाही टाकीतलं कूलंट फिरत राहतं.

सावकाश_फीड

एवढं सगळं करण्यापेक्षा सलाइनचा सेट टांगा. चाकाने थेंब कमी-जास्त होतात, खर्च नगण्य, टाकी नको, परत नको. ॲल्युमिनियमला रॉकेलचे थेंब तर कोणत्याही कूलंटला मागे टाकतात.

भोसरीकर

सलाइन सेट वाईट नाही. ड्रिलिंग, टॅपिंग, हलका फिनिश कट, यांना पुरतो. बाटली कटरपासून मीटरभर वर हवी, नाहीतर पातळी उतरेल तसे थेंब कमी होतात. पण त्याने चिप धुऊन जात नाहीत. ॲल्युमिनियमच्या खोल पॉकेटमध्ये कटर तुटतो तो उष्णतेने कमी आणि कापलेली चिप पुन्हा कापल्याने जास्त. तिथे जोराची धारच लागते, नाहीतर हवा.

रॉकेलने फिनिश छान येतो हे खरं आहे. पण त्याचा फ्लॅश पॉइंट 38 अंशांच्या जवळपास सुरू होतो. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये तेवढं तापमान हवेचंच असतं. गरम चिपवर त्याची वाफ, शेजारी ग्राइंडर, हे नको. पाण्यात 8 टक्के सोल्युबल ऑइल (पाण्यात मिसळणारं कटिंग तेल) घेऊन ॲल्युमिनियमला तेवढाच फिनिश काढता येतो.

इमल्शन

रॉकेलबद्दल सहमत. धुक्याच्या नोझलबद्दलही सांगतो, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. कॉम्प्रेसरच्या हवेने पाण्यातलं कूलंट फवारलं की ते श्वासात जातं. अमेरिकेच्या नायॉश संस्थेने 1998 मध्ये अशा धुक्यासाठी घनमीटरला 0.4 मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली. बंद शेडमध्ये उघडं नोझल ती सहज ओलांडतं.

मिश्रण. आधी पाणी, मग तेल, ढवळत. उलट केलंत तर तेलात पाणी अडकलेलं दाट, दह्यासारखं होतं, ते पुन्हा सुटत नाही. 40 लिटरला 5 टक्के म्हणजे 38 लिटर पाणी, 2 लिटर तेल. एमएस, ईएन8 ला 5, ॲल्युमिनियमला 7-8, स्टेनलेसला 8-10. तेल आयएस 1115 चं घ्या. 3 टक्क्यांच्या खाली गेलं की टेबल गंजतं, आधी व्हाइसखाली.

पाणी महत्त्वाचं. बोअरच्या कठीण पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम इमल्सिफायरला धरतात, वर मलईसारखा थर येतो. निव्वळ आरओच्या पाण्यात फेस येतो. नळाचं बरं असेल तर पहिला भरणा नळाचा, नंतरची भर आरओची. कारण टाकीतून उडतं ते फक्त पाणी. क्षार आणि तेल मागे राहतात, आणि दर वेळी बोअरचं पाणी घातलं तर क्षार साठत जातात.

रिफ्रॅक्टोमीटर (मिश्रणातल्या तेलाचं प्रमाण मोजायचं उपकरण) घ्याच. त्याचा आकडा म्हणजे टक्के नव्हेत, त्याला तेलाच्या माहितीपत्रकातल्या फॅक्टरने गुणायचं. साध्या सोल्युबलला तो 1 च्या आसपास असतो, सेमी-सिंथेटिकला जास्त. समजा 34 लिटर उरलंय आणि 6 टक्के दाखवतंय. तेल 2.04 लिटर आहे. नुसतं पाणी घालून 40 केलं की 5.1 टक्के. तेल घालायची गरज नाही. डोळ्यांनी पांढरेपणा बघून तेल ओतत राहणाऱ्याचं कूलंट सहा महिन्यांत 12 टक्क्यांवर जातं, मग हाताला खाज सुटते.

पीएच पट्टीने आठवड्याला एकदा. ताजं 8.8 ते 9.3. 8.5 च्या खाली सावध, 8 च्या खाली गंज आणि वास दोन्ही येतात.

खटपट्या

वासाचं काय करायचं? मशीन आठवड्यातून दोन-तीन दिवसच चालेल.

इमल्शन

म्हणूनच वास जास्त येईल. तवंगाने पृष्ठभाग झाकला, कूलंट थांबलं, खालचा प्राणवायू संपला, की सल्फेट खाणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात. बंद शेड उघडली की सडक्या अंड्यांचा वास येतो तो हाच.

उपाय याच क्रमाने. दुसऱ्या कप्प्यातला तवंग रोज काढा. शोषक कापड किंवा रुंद पत्र्याची पट्टी पुरते. मत्स्यपेटीचा 3-5 वॉटचा हवेचा पंप घेऊन त्याचा बुडबुडे सोडणारा दगड तिसऱ्या कप्प्याच्या तळाशी ठेवा, मशीन बंद असताना तो चालू. तळाचा गाळ महिन्याला काढा, जिवाणूंचं घर तेच. टाकीत चहा, तंबाखू, हात पुसलेलं फडकं काहीही जाता कामा नये.

फिनाइल, डेटॉल, ब्लीचिंग पावडर टाकू नका. फिनाइलने वास झाकला जातो आणि इमल्शन फुटतं. ब्लीचचं क्लोरीन कूलंटमधल्या अमाइनशी मिळून क्लोरामाइन होतं, डोळे-घसा चुरचुरतो, आणि लोखंड गंजतं. गंज टाळायला सोडियम नायट्राइट घालण्याची जुनी रीत आहे, तीही सोडा. अमाइन असलेल्या कूलंटमध्ये त्यापासून नायट्रोसामाइन बनतात, ते कर्करोगकारक आहेत.

वास मुरलाच तर: सिस्टीम क्लीनर माहितीपत्रकातल्या प्रमाणात जुन्याच कूलंटमध्ये घालून दिवसभर फिरवा, नळ्या आणि पन्हळीसकट. मग रिकामं करा, घासा, 1-2 टक्क्यांच्या ताज्या मिश्रणाने खळबळवा, तेही फेका, मग नवं भरा. गाळ ठेवून नुसतं नवं ओतलं तर आठवड्यात वास परत.

पत्राकाम

एक राहिलं, शिंतोडे. पडद्याला ॲक्रिलिक नको, चिप लागून तडकतं. 3 मिमी पॉलिकार्बोनेट. अल्कधर्मी कूलंटने तेही काही वर्षांत ठिसूळ होतं, बोल्टच्या भोकांपासून केसासारख्या भेगा दिसल्या की बदला. भोकं बोल्टपेक्षा 2 मिमी मोठी ठेवा.

सावकाश_फीड

कार्बाइडला कूलंट लावू नये म्हणतात, ते बरोबर आहे का?

भोसरीकर

अर्धवट लावू नये, हे बरोबर. मिलिंगमध्ये दात आत जातो तेव्हा तापतो, बाहेर येतो तेव्हा निवतो. त्यात धार कधी आहे, कधी नाही, असं झालं की धारेला काटकोनात बारीक तडे जातात आणि तुकडा उडतो. स्टीलमध्ये कार्बाइड: एक तर कट सुरू व्हायच्या आधीपासून भरपूर धार, नाहीतर कोरडं आणि हवेने चिप उडवणं. ब्रशने मधूनच कूलंट मारणं सर्वात वाईट. एचएसएसला हा प्रश्न नाही.

नोझल कटरच्या मागून, चिप ज्या दिशेने फेकल्या जातात त्याच दिशेला ढकलणारं हवं. समोरून मारलं तर चिप परत कटमध्ये जातात. जमल्यास दोन नोझल, एक धारेवर, एक पॉकेट धुवायला. दोन झाली तर तोंडं 4 मिमीची करा, नाहीतर 8 लिटर दोघांत वाटून कुठेच जोर राहत नाही.

मॅग्नेशियमच्या जॉबला मात्र हे पाण्याचं कूलंट अजिबात नाही. बारीक चिप पाण्याशी मिळून हायड्रोजन सोडते, पेट घेतला तर पाण्याने भडकतो.

खटपट्या

बदलल्यावर जुनं कूलंट कुठे टाकायचं? आणि कास्ट आयर्नला काय करू?

इमल्शन

गटारात, नाल्यात, झाडाच्या आळ्यात नाही. 2016 च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं तेल आणि तेलयुक्त अवशेष येतात. तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरीला प्रक्रिया केंद्रं आहेत, पण 40 लिटरसाठी तिथे कोणी थेट जात नाही. जवळच्या एमआयडीसीतल्या ज्या कारखान्याची तिथे नोंदणी आहे त्यांच्या पिंपात द्यायची बोलणी करून ठेवा. द्यायच्या आधी दोन दिवस स्थिर ठेवा, तवंग वेगळ्या डब्यात, गाळ वेगळा. चांगलं राखलेलं कूलंट वर्षभर सहज जातं, त्यामुळे प्रश्न वर्षातून एकदाच येतो.

उद्यमनगरी

कास्ट आयर्न कोरडंच मिल करा. त्याची भुकटी काजळीसारखी बारीक आणि ग्रॅफाइटने भरलेली. कूलंटमध्ये मिसळली की काळा चिखल होतो, तो 1 मिमीच्या टोपलीतून सरळ जातो, पन्हळीत आणि निपलमध्ये थापला जातो, पहिला कप्पा एका दिवसात भरतो. ओलसर राहिलेली भुकटी टेबलावर गंजून चिकटते.

काम सुरू करायच्या आधी टेबलाच्या खोबण्या पुसून कोरड्या करा, दोन्ही भोकांत रबरी बुचं घाला, पंपाचा स्विच बंद ठेवा. काम झालं की व्हॅक्यूमने ओढा, हवेने उडवू नका, ती घसरमार्गांच्या वायपरखाली शिरते. टेबल तेलाच्या फडक्याने पुसा, व्हाइस उचलून खालूनही. मग बुचं काढा आणि पंप लावायच्या आधी दोन्ही भोकांतून मगभर कूलंट हाताने ओतून खाली टाकीत पडतंय का ते बघा.